दिवस मावळायच्या आत

दिवस मावळायला अर्धा तास उरला होता आणि शमुवेल चोपडे लेकीच्या खाटेसमोर गुडघे टेकून बसला होता. खाटेवर बसलेल्या एस्तेरच्या डाव्या भुवईवर पांढरी पट्टी होती, पट्टीखाली चार टाके. दुपारी शमुवेलनं जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं, ते उसळलं आणि भिंतीजवळ उभ्या असलेल्या पोरीला लागलं. कारण विचाराल तर आमटीत मीठ जास्त झालं होतं. दवाखान्यात एस्तेरनं कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं. एवढ्या सहज सांगितलं, की डॉक्टरनं वर बघितलंसुद्धा नाही.

"माझं चुकलं, बाळा," शमुवेल म्हणाला. "क्षमा कर."

एस्तेरनं पाय खाटेवर ओढून घेतले.

या घराचा एक नियम होता. राग उद्यावर न्यायचा नाही, दिवस मावळायच्या आत मिटवायचा, असं चर्चमध्ये लग्न लावताना पाळकसाहेबांनी नवराबायकोला बजावलं होतं. शमुवेलनं आयुष्यात तेवढं एक मात्र काटेकोर पाळलं. उद्यमनगरात लेथवर काम करणारा माणूस, केसाइतका फरक त्याला खपायचा नाही. दुपारी घर डोक्यावर घ्यायचं आणि संध्याकाळी गुडघे टेकायचे. बायको संयोगिता 'केली क्षमा' म्हणायची, दोघं प्रार्थना करायची आणि शमुवेलचं काळीज हलकं व्हायचं. बावीस वर्षांत आपण एकही राग अंथरुणात नेला नाही, हे तो चर्चमध्ये चारचौघांत सांगायचा. तिथल्या लोकांनीही त्याला कारभारी पंचांत घेतलं. उद्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता आणि त्यातलं भाकरीचं तबक घेऊन बाकाबाकांतून तोच फिरणार होता. घरात कुणाचं मन दुखावलेलं ठेवून त्या तबकाला हात लावायचा नाही, असं तो मनापासून मानत होता.

ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या त्या खोलीतून पंचगंगेपलीकडचा ऊस दिसायचा. सूर्य आता त्याच्या शेंड्यांना टेकायला आला होता.

"एस्तेर, दिवस मावळाय लागलाय."

"मावळू दे की."

"असं न्हाय चालत. तुला म्हाईत हाय."

"मला वेळ लागंल, पप्पा."

"किती?"

"म्हाईत न्हाय. आज न्हाय, एवढं कळतंय." तिनं आवाज चढवला नाही. "तुमचं रोज सांजच्याला मिटतंय, म्हणूनच सकाळी परत सुरू हुतंय."

शमुवेलच्या तळपायाची आग मस्तकाकडं निघाली. ती निघाली हे त्याला कळलं आणि तो घाबरला. ढोंगी नव्हता बिचारा. या रागापायी त्यानं उपास केले होते, एकट्यानं बसून रडलाही होता. पाळकसाहेबांनी शिकवलं होतं तसा त्यानं श्वास लांब घेतला, दहापर्यंत आकडे मोजले. मग मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सुरू केली. 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर' या ओळीपाशी आला आणि तिथंच अडकला. मी बाप असून मागतोय, आणि ही देत नाही. एवढी मोठी झाली का ही?

"क्षमा मागतोय न्हवं मी?" त्याचा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळला. "केली म्हण. म्हण केली म्हणून."

एस्तेरनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

शमुवेलचा हात दांडीवरच राहिला. आपण कसे आहोत हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. आणि याआधीही ते कितीदा तरी दिसलं होतं, दिसून काडीचा फरक पडला नव्हता, हेही आठवलं.

आवाज ऐकून संयोगिता स्वयंपाकघरातून धावत आली. तिचे हात पिठानं भरले होते. दोघांच्या मध्ये उभी राहून ती घाईघाईनं म्हणाली, "मी केली. माझी घ्या की. पोरीला सोडा."

एस्तेरनं डोक्यावरचे हात खाली घेतले. आईकडं बघत राहिली.

"आई, तुझी क्षमा अजून संपली न्हाय?"

संयोगितानं पदराला हात पुसले. सावकाश पुसले, बोटाबोटांच्या मधलं पीठ काढलं. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

"कवाच संपली, बाळ. तू पोटात हुतीस तवाच."

शमुवेलला आधी ते नीट उमगलंच नाही. मग उमगलं. बावीस वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी एकदमच त्याच्या अंगावर आल्या.

"मग रोज का म्हणत हुतीस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही उठावं म्हणून." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "सैपाक राहत हुता."

ती आत गेली. थोड्या वेळानं तव्यावर भाकरी टाकल्याचा वास आला. एस्तेर उठली आणि आईला मदत करायला आत गेली. शमुवेल गुडघ्यांवरच होता. ऊठ म्हणायला आता घरात कुणी उरलं नव्हतं.