अधिवेशनाला दुसरा फोन

अणुयुद्धानंतर साठ वर्षं ऊन पडलं नव्हतं. तळघरात सत्तरीच्या शर्वाणी निमकरांनी भूतकाळात लागणारा फोन घट्ट धरला होता. पलीकडे त्यांचे पस्तिशीतले बाबा होते, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात आपल्या राज्याची मतं जाहीर करायला उभे.

“निर्णायक मतांचा मान आघाडीवरच्या उमेदवाराच्या गृहराज्याला मिळावा, म्हणून तुम्ही रिवाजाप्रमाणे ‘पास’ म्हणून आपली पाळी पुढे ढकलणार आहात. ‘पास’ म्हणू नका हो! तेवढ्यात सभागृह फिरतं, उमेदवारी दुसऱ्याला मिळते आणि तोच युद्ध पेटवतो. आत्ताच मतं द्या!”



“आजी,” बाबा चाचरत म्हणाले, “मघाशीही तुमचाच फोन आला होता. असंच रडत सांगत होतात, मी मतं दिली म्हणूनच युद्ध पेटलं, ते टाळायचं तर मतं देऊ नका, ‘पास’ म्हणा.”