केचपची बाटली

कॅझ झेलिन्स्कीनं केचपची बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली, मोहरीची चटणी मुद्दाम लांब कोपऱ्यात सरकवली आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. अकरा वाजत आले होते. खाली रस्त्यावर, त्यानं दोन तास खपून बर्फातून मोकळ्या केलेल्या जागेत, त्याची मोडक्या पायाची खुर्ची उभी होती. गाडी त्यानं सकाळीच भाचीच्या दारात नेऊन ठेवली होती.

शिकागोत बर्फ उपसणाऱ्यानं जागेत खुर्ची ठेवली की बर्फ वितळेपर्यंत ती जागा त्याची. कायदा असं म्हणत नाही; पण खुर्ची हलवणाऱ्याचे टायर रातोरात फुटतात, आणि कायदा पंक्चरही काढून देत नाही.

दोन्ही सापळे तयार होते.

वरचा मजला ऑक्टोबरपासून रिकामा होता. कॅझ एकाहत्तर वर्षांचा. त्यातली एकेचाळीस वर्षं याच घराच्या खालच्या मजल्यावर गेली, बायकोही इथंच गेली. आता वर कोण येतं यावर त्याची उरलेली वर्षं टांगलेली होती. समोरचे ऑर्टिस गेले. कोपऱ्यावरची म्हातारी गेली. या गल्लीतून माणसं मरून कमी आणि हाकलली जाऊन जास्त जात होती, आणि दर वेळी आधी कुणीतरी भारी बूट घालून घर बघायला आलं होतं.

म्हणून याआधी घर बघायला आलेल्या दोन जोडप्यांना कॅझनं पायरीवरच सांगून टाकलं होतं, तळघरात गुडघाभर पाणी साठतं. साफ खोटं. त्यातलं एक जोडपं दारात उभं राहूनच कुठली भिंत पाडायची ते ठरवत होतं. ते परत आलं नाही.

अकराला घर बघायला ओडेट ब्रुसार चालत आली. पन्नाशीची बाई, बूट कामगाराचे, घोट्यापर्यंत भिजलेले. कॅझनं नमस्कार-चमत्कार न करता गाडी कुठं लावली ते विचारलं.

“लाँड्रीच्या पलीकडे.”

“इथं समोर जागा होती की.”

“जागेत खुर्ची होती.”

“उचलून बाजूला ठेवायची, बाई.”

“फिनिक्समध्ये असते तर ठेवली असती. इथला माझा दुसरा हिवाळा आहे. मला चारही टायर लागतात.”

कॅझनं खोकल्याचं सोंग करून हसू गिळलं. तळघरातल्या पाण्याचं नाव काढलं नाही.

ती आधी तळघरातच उतरली. आजवर वर राहून गेलेल्यांपैकी एकानंही तिथं पाऊल टाकलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणं हा तिचा धंदा. यंत्र दिसलं की तिचे हात खिशातून बाहेर यायचे. तिनं बॉयलरला कान लावला, तुळईवर बोटानं ठोकून पाहिलं. कॅझनं बॉयलरच्या सगळ्या खोडी सांगितल्या. कुठल्या नळाला पान्ह्याचा दणका द्यायचा, कडाक्याच्या थंडीत पहाटे कितीला उठून बघायचं.

“हे सगळं तुम्हीच बघता?”

“मग काय पोप येतो?”

स्वयंपाकघरात त्यानं तिला बसवलं आणि पोलिसासारखं सुरू केलं. कुठं कुठं राहिलात, का सोडलं, टिकत का नाही. खोट तुमच्यात की शहरांत? बाईला राग आला नाही. उंच इमारती जिथं उठतात तिथं लिफ्टवाल्यांना जावं लागतं, एवढंच ती म्हणाली, आणि एकेक शहर त्याच्यापुढं मांडत गेली.

न्यू ऑर्लिन्स तिचं जन्मगाव. तिथली शेजारीण न विचारता आत येते, पातेल्याचं झाकण उघडते आणि मीठ कमी आहे म्हणून सांगते. पुराच्या पाण्यात पातेलंही गेलं, शेजारीणही. फिनिक्समध्ये उन्हाळ्यात गाडी चालवायला ती भट्टीचे हातमोजे घालायची. दुपारभर रस्त्यावर माणूस दिसत नसे. बॉस्टनमध्ये रस्ता विचारला तर आधी शिवी मिळते, मग तोच माणूस जागेवर पोचवून येतो. मिनियापोलिसमध्ये एका बाईनं दोन हिवाळे तिच्या दारापुढचा बर्फ काढला.

“नाव काय तिचं?” कॅझनं विचारलं.

“माहीत नाही. दोन वर्षांत सांगितलं नाही तिनं. सभ्यपणा असा असतो तिथं.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही आधी भांडता. भांडून झालं की वाढता. मला ते परवडतं.” मग तिनं विचारलं, “तुम्ही कुठं कुठं राहिलात?”

“इथंच, नदीच्या उत्तरेला. आठ महिने. करमलं नाही.”

त्यानं हॉटडॉगची ताटली तिच्यापुढं ठेवली आणि श्वास धरून बसला. हॉटडॉगवर केचप घालणारा माणूस शिकागोत जन्मलेला नसतो, आणि कॅझच्या मते त्याला इथं मरायचाही हक्क नाही. या घरात एकेचाळीस वर्षांत केचप आलं नव्हतं. आज आलं होतं ते फक्त या एका मिनिटासाठी.

ओडेटनं बाटलीकडे पाहिलं. मग कॅझकडे. मग उठली, कोपऱ्यातली मोहरीची चटणी घेऊन आली आणि सावकाश खायला लागली.

कॅझचे खांदे चार बोटं खाली आले. यापुढं कुणाला पाण्याची गोष्ट सांगायला नको. त्यानं हात पुसले आणि न्यायाधीशासारखा बोलला.

“माझी हरकत नाही, बाई. तुम्ही मला चालाल.”

ओडेट पोट धरून हसली. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिनं टेबलावर ठेवला. तळघराची, पुढच्या दाराची, मागच्या दाराची, सगळ्या किल्ल्या त्यात होत्या.

“घराचा व्यवहार मंगळवारीच झाला, मिस्टर झेलिन्स्की. जुना मालक म्हणाला, खालच्या भाडेकरूला काढायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही जाऊन बघा. बघितलं.” तिनं शेवटचा घास तोंडात टाकला. “तुम्ही राहा. फक्त ती बाटली माझ्या घरात नको.”