एक्क्यावर राजा

माझ्या इस्पिकच्या एक्क्यावर समोर बसलेल्या पत्नीने शांतपणे इस्पिकचाच राजा टाकला. जो हात आमचाच होता, त्यात राजा वाया घालवला.

ब्रिजच्या स्पर्धेत आम्ही नऊ वर्षांनी उतरलो होतो, तेही तिच्या अटीवर: घरी पोचेपर्यंत डावाविषयी मी अवाक्षर काढायचे नाही, काढले, तर ती पुन्हा माझी जोडीदार होणार नाही. पूर्वी माझ्या भर टेबलावरच्या प्रवचनांना कंटाळूनच तिने पत्ते सोडले होते. म्हणून संताप गिळला, चिडून इस्पिक सोडले, बदाम खेळलो, आणि डाव गेला.

दाराचे कुलूप उघडताच मी म्हणालो, "एक्क्यावर राजा कोण टाकतो?"

"ज्याला जोडीदाराची वाट मोकळी करायची असते तो," चपला काढत ती म्हणाली. "इस्पिकची राणी, गुलाम तुमच्याकडेच होते. माझा राजा मागे राहिला असता, तर पुढचा हात मला घ्यावा लागून तुमची इस्पिके अडली असती. तरी तुम्ही बदाम खेळलात. मी टेबलावर काही बोलले?"

बराच वेळ मी बूट काढत राहिलो. "पुढच्या रविवारी येशील ना?"

"येईन. मात्र ती अट आता घरी पोचल्यावरही."