पाळकाची चिठ्ठी

"बाय, अजून सांगतंय, माघार घे," सभागृहाच्या पायरीवर गोपाळ मुलीला म्हणाला.

"तुमीच घेवा, बाबा," स्नेहा म्हणाली.

वर्षभरात दोघं थेट बोलली ती एवढीच. घरात मीठ हवं असलं तरी निरोप स्नेहाच्या आईमार्फत, सरस्वतीमार्फत जायचा.

डिचोलीच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, पांडुरंग, आज पायउतार होणार होते. ऐंशी वर्षं झाली, नजरही गेली. त्यांच्या जागेसाठी दोनच नावं होती: खाणीवर ट्रक चालवलेला, चाळीस वर्षं मंडळीत शास्त्रपाठ वाचणारा गोपाळ, आणि पुण्याहून धर्मशिक्षण घेऊन आलेली त्याचीच लेक. बापाला पेटी-टाळावरची जुनी गीतं हवी होती, लेकीला गिटार आणि पडद्यावर शब्द. म्हातारे म्हणत, पोरीने उपासनेचा ऑर्केस्ट्रा केलाय. तरुण म्हणत, गोपाळकाका पाळक झाले तर आम्ही निघालो. ती पोकळ धमकी नव्हती. त्यांच्यातल्या सिद्धेशने वेगळ्या उपासनेसाठी म्हापशाला हॉल बघून ठेवला होता.

मतदान केलं असतं तर मंडळी फुटलीच असती. म्हणून पांडुरंगांनी प्रेषितांच्या काळची रीत काढली. दोघांनी आपापलं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं, पाळकाने एक चिठ्ठी उचलायची. उरलेली नव्या पाळकाने न उघडता जाळायची. देवाने निवडल्यावर माणसाने पडताळायचं कशाला?

प्रार्थना झाली. पांडुरंगांनी डब्यातून चिठ्ठी काढली आणि सवयीने गोपाळपुढे धरली.

"वाच रे, गोपाळा. माका दिसणा नाय."

कोणी हरकत घेतली नाही. चाळीस वर्षांत गोपाळने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता.

त्याने चिठ्ठी उघडली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग मान वर केली. पुढच्या बाकांवर म्हातारे हात जोडून बसले होते. तरुण मागे दाराशी उभेच होते, चपला पायात घालून. चिठ्ठी त्याच्या मुठीत चुरगळली.

"स्नेहा," तो म्हणाला, आणि तडक बाहेर पडला.

स्नेहा मागोमाग धावली. "बाबा, आशीर्वाद तरी देवा!"

"देवान दिलो ना? माझो आणि कित्याक व्हयो? मी चललंय सावंतवाडीक, भावाकडे." थोडं पुढे जाऊन तो थांबला, पण वळला नाही. "सगळ्यांका सांभाळ. म्हाताऱ्यांका पण."

समोर बस आली आणि तो चढला. पोरीने बापाला घराबाहेर काढलं, असं कोणीतरी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललं. तिलाही तेच वाटत होतं. ज्या जागेवर बाबांचा जीव होता ती आपण ओढून घेतली, या विचाराने तिला रडू आवरेना.

सगळे गेल्यावर तिने मेणबत्ती पेटवली. उरलेली चिठ्ठी ज्योतीजवळ नेली, पण हात पुढे जाईना. याच हाताने बापाचं नाव जाळायचं? शाळेच्या वह्यांवर बाबाच तिचं नाव घालून द्यायचे. त्यांचं ते वळणदार अक्षर निदान जवळ राहील. रीत मोडली तर मोडली, असं म्हणत तिने घडी उलगडली.

आत तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: स्नेहा.