माहेरचं ऊन

ओवीच्या हळदीच्या सकाळीही पाऊस धो धो कोसळतच होता. बारा महिने पडणारा पाऊस आज तरी थांबायला हवा होता. दोन्ही जावांच्या घरांना मिळून वर्षाला एकच उघडीप मिळायची, आणि ओवीच्या आईने, केतकीने, ती थोरल्या जावेशी बोलून आजसाठी राखली होती. तिने हवामान केंद्राला फोन लावला.

“तुमची उघडीप मे महिन्यातच झाली की,” पलीकडची मुलगी म्हणाली. “वृषालीताईंनी मागून घेतली होती.”

वृषाली म्हणजे तीच थोरली जाऊ. मे महिन्यात तिच्या गच्चीवर लख्ख ऊन पडलं होतं. “माहेरच्यांनी त्यांची उघडीप मला दिली गं,” असं ती म्हणाली होती, आणि केतकी दिवसभर तिच्या कुरडयांवरचे कावळे हाकलत बसली होती.

केतकी आत आली. वृषाली रुखवत मांडत होती.

“पावसाचं काय एवढं मनाला लावून घेतेस? हळद घरातही लागते,” ती हसून म्हणाली. “हे बघ, ओवीसाठी कुरडया आणल्यात.”

केतकीने एक कुरडई उचलून मोडली. ती कडकन तुटली.

“छान वाळल्यात, वहिनी,” ती म्हणाली. “ओवीचं ऊन चांगलं लागलंय यांना.”