उशीवरचं नाव

आमच्या गावच्या चर्चमधली गुडघे टेकायची प्रत्येक उशी मी ज्याच्या-त्याच्या नावानिशी भरली आहे. शाळा दोनच इयत्ता, पण नावात टाका कधी चुकला नाही. दर शनिवारी सकाळी मीच त्या झोडून फुगवते.

पंधरा दिवसांपूर्वी म्हाताऱ्या पास्कची उशी काही केल्या फुगेना. दोन गुडघ्यांचे खळगे तसेच राहिले. सहा दिवसांनी, शुक्रवारी त्याला पुरला. गेल्या शनिवारी डॉर्कसची उशी तशीच, आणि काल तिलाही पुरली.

आज माझ्या नातीची, हेस्टरची उशी फुगेना. पोर तीन दिवस तापानं फणफणली आहे.

मी तिथंच बसून तिचं नाव उसवलं आणि माझं भरायला घेतलं.

वेदीवर फुलं मांडणारी विनी म्हणाली, “पहिला बाक अडवून बसता, तो पुरेना वाटतं, मिसेस गॅदरकोल? आता पोरीची उशीही हवी?”

“तू तुझी फुलं बघ, विनी. मागच्या रविवारची अजून कुजतायत.”

शेवटचा टाका घालून मी उशी झोडली. खळगे भरून आले. मी सुस्कारा सोडला.

मग माझ्या डोळ्यांदेखत ती पुन्हा दबत गेली, दोन जागी, पोरीच्या इवल्या गुडघ्यांएवढीच.