दिवसाचा पक्ष

शनिवार, दिनांक १५ एप्रिल २००६, सकाळ; स्थळ इंग्लंडातल्या लेस्टरच्या पूर्वेस एका खेड्याबाहेरची गवताळ उतरण. या दिवशी व या स्थळी डॉक्टर शशिधर बापटांची गोळी कोल्हिणीपासून वीतभर अंतरावर मातीत शिरली. त्या महिन्यातली ही चौथी.

कोल्हीण कुंपणाखाली दिसेनाशी झाली.

शेजारी पालथा पडलेला त्यांचा मेहुणा मिलिंद उठून बसला. मग दुर्बिणीला झाकण लावीत म्हणाला, "भावोजी, तुम्ही भूल दिलेली माणसं पुन्हा जागी तरी झाली का हो?"

"सगळी," निवृत्त भूलतज्ज्ञ असलेले शशिधर म्हणाले. "आणि वेळेवर."

दोघांमधला वाद जुना होता: कोल्हा दिवसा बोलवावा, की रात्री गाठावा? शशिधर दिवसाच्या पक्षाचे. ओठांत शिटी धरून ते जखमी सशाचा आक्रोश हुबेहूब काढीत आणि भुकेले जनावर त्या रोखाने आपण होऊन येई. ज्याचा जीव घ्यायचा ते डोळ्यांना संपूर्ण दिसले पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त होता. मिलिंद लेस्टरात इंजिनिअर, आणि रात्रीच्या पक्षाचा. शिटी त्याचीही तीच. पण जोडीला प्रखर दिवा. आवाजाकडे वळलेल्या डोळ्यांत उजेड पडला, की कोल्हा जागीच खिळतो. दिवसाची भीती जनावराच्या मनात रात्री उरत नाही, हे त्याचे लाडके मत.

शिकारी कुत्र्यांनी कोल्हे मारण्यावर बंदी येऊन वर्ष लोटले होते. त्यामुळे शेजारचा शेतकरी नेव्हिल आता बंदूकवाल्यांवरच विसंबून होता. मार्चमध्ये त्याच्या कोंबड्या गेल्या. शशिधरांनी स्वतः खपून खुराड्याभोवती विजेची तार बसवून दिली आणि तेव्हापासून एक पीसही हलले नव्हते. तरीही कोल्हीण मेलीच पाहिजे, यावर नेव्हिल ठाम होता. पहिली संधी शशिधरांना मिळाली, कारण त्यांनी ती वाद घालून मिळवली होती.

घरी अनुराधाबाईंनी नवऱ्याशी बोलणे टाकले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना उतरणीवरच्या काटेरी झुडपांच्या जाळीपाशी तीन पिल्ले दिसली होती. आई मेली तर ती बिळात उपाशी मरतील, एवढे त्यांनी एकदाच सांगितले. त्यानंतर आमटी वाढताना पळी जरा जास्त वाजे. शशिधर मुकाट्याने जेवीत आणि पुन्हा रायफल घेऊन निघत.

त्या दुपारी जेवताना मिलिंदने नेव्हिलचा निरोप सांगितला. दिवसाचे प्रयोग पुरे झाले. आजपासून काम मिलिंदकडे, दिव्याने. निरोपाला त्याने स्वतःची टीकाही जोडली.

"तुम्ही वारा पाठीशी घेऊन बसता. तुमचा वास तुमच्याआधी तिच्यापर्यंत पोचतो."

"वाऱ्याविषयी जाणकारांत दोन मते आहेत," शशिधर म्हणाले.

"दुसरं कुणाचं?"

"माझे."

अनुराधाबाईंना हसू आले. ते त्यांनी ताकाच्या घोटाबरोबर गिळले.

"चेष्टा नाही, भावोजी. पहिल्यांदा ती किती जवळ आली होती, आठवतंय? आज कुंपणसुद्धा धड सोडलं नाही तिनं. फसलेला कोल्हा शहाणा होतो. असंच चाललं तर ती कुणाच्याच शिटीला यायची नाही."

"म्हणजे तुला घाई केली पाहिजे."

"मिलिंद," अनुराधाबाई म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे रे ती."

मिलिंद खाली बघत म्हणाला, "ताई, मी नाही म्हटलं तर नेव्हिल दुसऱ्या कुणाला बोलावणार. माझ्या हातून निदान तडफडणार तरी नाही."

यावर शशिधरांनी खिशातून आपली शिटी काढली, रुमालाने पुसली आणि मेहुण्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही ने. हा आवाज तिच्या चांगला ओळखीचा आहे."

इतक्या वर्षांत भावोजींनी प्रथमच हार मानली, असे वाटून मिलिंद गहिवरला. अनुराधाबाई मात्र ताटावरून उठल्या.

दिवेलागणीला त्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी दिवा लावला नव्हता. उतरणीवर अजून पुसट उजेड होता. कोल्हीण जाळीतून बाहेर आली. मागोमाग पिल्लेही आली आणि एकमेकांच्या शेपट्या धरू लागली. शशिधर येऊन शेजारी उभे राहिले, तशा त्या जरा दूर सरकल्या.

दूरच्या कुंपणाआडून सशाचा आक्रोश उठला.

कोल्हिणीचे कान ताठ झाले. अनुराधाबाईंनी सिंकची कड घट्ट धरली.

दुसरा सूर निघण्यापूर्वीच कोल्हीण वळली. आवाजाकडे नव्हे, उलट दिशेला. तिने पिल्लांना ढोसत ढोसत जाळीत लोटले आणि स्वतः त्यांच्या मागे आत शिरली. मिलिंदचा दिवा पेटला. मोकळ्या गवतावरून इकडून तिकडे फिरत राहिला. शिटी पुन्हा पुन्हा आळवीत होती. जाळीचे पानही हलले नाही.

शशिधरांनी समाधानाने पडदा ओढला.

"उत्तीर्ण झाली," ते म्हणाले.